'आर्टिफॅक्ट रिपॉझिटरी'ला मराठीत काय म्हणता?

अंबडकर: नव्या पोरांसाठी मराठीत सूचनापत्रक लिहितोय. बिल्ड झालेल्या जार फायली (जावा प्रोग्रॅमची बांधलेली गाठोडी) जिथे ठेवतो त्याला मी 'घटकभांडार' लिहिलं. साहेब म्हणाले, भांडार ग्राहकांचं असतं. भाषांतर यंत्राने तर 'कलाकृती भांडार' काढून दिलं! शब्द सुचवा.

गोदाकाठ: कोठार घ्या. कोष्ठागारावरून आलेला, घरचा शब्द. भांडारही भांडागारातूनच आलंय, साहेबांना सांगा.

लासलगावची: काका, कोठारात धान्य पडून राहतं. आमची कांदाचाळ बघा. उन्हाळ कांदा चाळीत जातो, लाल टिकत नाही म्हणून थेट बाजारात. मेव्हन या जावाच्या बिल्ड साधनातलं रिलीज, म्हणजे पक्की आवृत्ती, हा उन्हाळ, एकदा ठेवलं की सहसा त्याच क्रमांकावर दुसरं ठेवू देत नाहीत. स्नॅपशॉट, म्हणजे काम चालू असलेली आवृत्ती, हा लाल, रोज नवा.

गोदाकाठ: उपमा झकास, पण चाळ हा शब्द 'चाळणे'वरून आला असावा, असं मला वाटतं. कांदा निवडून, चाळून ठेवतात ना.

लासलगावची: मग गिरगावच्या चाळीत काय चाळतात?

सिडकोतला: नावाचं राहू द्या, खरा घोळ 'प्रवेश नाकारला'ने होतो. आमच्या पत्रकात सर्व्हरच्या ४०१ आणि ४०३ या दोन्ही एरर कोडना हेच लिहिलं होतं. एका पोराने दुपारभर तीनदा पासवर्ड बदलला, सेटिंग्ज फाइल उलटीपालटी केली. पासवर्ड बरोबर होता! वाचायची परवानगी होती, जार टाकायची नव्हती. ४०१ म्हणजे 'ओळख पटली नाही', ४०३ म्हणजे 'ओळखलं, पण मुभा नाही'. दारावरचा वॉचमन आणि आतला मुनीम.

गोदाकाठ: 'मुभा' अरबी. 'अनुमती' म्हणा.

सिडकोतला: वॉचमन चालला, मुभा नाही?

अंबडकर: आणि कम्पॅटिबिलिटी? 'सुसंगतता' लिहिलं तर पोरं हसतात.

सिडकोतला: 'मेळ' लिहा. जावा १७ वर केलेली जार ११ च्या मशीनवर टाकली की ती सरळ ६१ आणि ५५ असे आकडे तोंडावर मारते. जारमधली क्लास फाइल (कंपाइल झालेला कोड) ६१ आवृत्तीची, मशीनला ५५ पर्यंतच कळतं. उलटं मात्र बहुतेक वेळा चालतं. 'मेळ नाही' म्हटलं की कुणालाही समजतं.

गोदाकाठ: मेळ पत्रिकेचा असतो.

लासलगावची: काका, गुणमेलन म्हणजे कम्पॅटिबिलिटीच की!

अंबडकर: अहो, पण पत्रकाच्या मथळ्यात काय लिहू? उद्या द्यायचंय.

लासलगावची: चाळच लिहा. फक्त विक्रीला माल काढला की आम्ही 'चाळ फोडली' म्हणतो, ते तेवढं लिहू नका. सुरक्षावाले धावत येतील.

गोदाकाठ: फोडली? आमच्याकडे तर 'चाळ उघडली' म्हणतात.

लासलगावची: कुठल्या गावाला, काका?