आंबोलीत मे-जूनची इंटर्नशिप आणि रविवारचे ट्रेक: तयारी कशी करावी?

कातळफूल
नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत प्राणीशास्त्र शिकते, दुसरं वर्ष. मेच्या पहिल्या आठवड्यापासून जूनच्या मध्यापर्यंत आंबोलीत इंटर्नशिप आहे. आम्ही चौघं आहोत, दोन मुली, दोन मुलगे. मे महिन्यात झाडं मोजायला चौकोनी प्लॉट आखायचे आणि पाऊस सुरू झाला की रात्री बेडकांची नोंद. रविवार मोकळा, तेव्हा मनोहरगड आणि रांगणा हे किल्ले करायचा विचार आहे. परवानगी, राहणं, सामान, मेमधले ट्रेक यांबद्दल माहीतगारांनी सांगावं. घरच्यांना माकडतापाची काळजी आहे, त्यावरही लिहा.

घाटवाट
आधी परवानगी, बाकी नंतर. तुमच्या मार्गदर्शकांकडे संशोधनाचं परवानापत्र आहे का आणि त्यात तुमची चौघांची नावं आहेत का, हे आजच विचारा. नावं नसतील तर नाक्यावर वनरक्षक अडवणार, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. हा भाग सावंतवाडी वनविभागात येतो, म्हणजे अर्ज उपवनसंरक्षकांच्या नावे आणि प्रत आंबोलीच्या वनपरिक्षेत्र कार्यालयाला. बेडूक हातात घेणं, मोजमाप करणं, नमुना गोळा करणं यातलं काही असेल तर 1972 चा वन्यजीव कायदा लागू होतो. ती परवानगी नागपूरच्या वन्यजीव कार्यालयातून येते आणि तिला महिने लागतात. नुसतं बघून आणि ऐकून नोंद करणार असाल तर अर्जात तसं स्पष्ट लिहा, प्रकरण सोपं होतं. कॉलेजच्या पत्रावर तारखा, जागा आणि रात्री किती वाजेपर्यंत काम चालणार हे हवंच. 'अभ्यासदौरा' एवढंच लिहिलेलं पत्र कुणी विचारात घेत नाही.

सावंतवाडीकर
मे म्हणजे चाकरमान्यांचा आणि पर्यटकांचा महिना. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं आणि कोकणच्या गाड्या त्याच दिवशी भरतात. तुम्ही रत्नागिरीहून येताय म्हणजे दिवसाची गाडी धरा. सावंतवाडी रोड स्टेशन शहरापासून लांब आहे, तिथून रिक्षाने एसटी स्टँड आणि मग बेळगावच्या दिशेची कुठलीही गाडी आंबोलीवरूनच जाते. परतीचं तिकीट जूनच्या मध्यानंतरचं असेल तर पावसाळी वेळापत्रक बघून काढा, कारण तेव्हा गाड्यांचा वेग कमी करतात आणि वेळा बदलतात.

राहायला हॉटेल नको. गावात महिन्याच्या बोलीवर खोली मिळते, फक्त बोली जूनच्या मध्यापर्यंतची करा आणि 'विकेंडला पाहुणे आले तर खोली सोडावी लागेल' असली अट नाही ना, ते विचारून घ्या. खोली बघताना भिंतींना ओल धरल्याचे डाग आहेत का बघा. जूनमध्ये त्याच भिंतीला तुमचे कपडे टेकणार आहेत. आणि चुलीजवळ दोरी बांधायला जागा हवी, नाहीतर बूट सहा आठवडे वाळायचे नाहीत.

मोजपट्टी
प्लॉटच्या कामात नवी मुलं चुकतात त्या जागा ठरलेल्या आहेत.

10 × 10 मीटरचा चौकोन टाकताना काटकोन नजरेने धरू नका. कोपऱ्यापासून एका बाजूवर 3 मीटर, दुसऱ्या बाजूवर 4 मीटर मोजा, तिरकं अंतर बरोबर 5 आलं तरच पुढे जा. चारही खुंट्या झाल्या की दोन्ही कर्ण मोजा, ते 14.14 मीटरच्या जवळ हवेत. आंबोलीत सपाट जागा कमीच, तेव्हा उताराचा हिशोब महत्त्वाचा. अंतर आडवं धरायचं असतं, जमिनीला चिकटवून नाही. 30 अंशांच्या उतारावर आडवे 10 मीटर मिळायला जमिनीवर साधारण 11.55 मीटर टेप लागते, 20 अंशांवर 10.64. हे विसरलं की प्लॉट लहान होतो आणि झाडांची घनता कमी येते.

खोडाचा घेर जमिनीपासून 1.37 मीटर उंचीवर घ्यायचा. एका काठीला तिथे लाल रिबन बांधून ठेवा, दर वेळी टेप उलगडायला नको. झाड उतारावर असेल तर उंची वरच्या बाजूने मोजा. खोडावर वेल असेल तर टेप वेलीखालून सरकवा, आणि त्या उंचीवर गाठ असेल तर थोडं वर घेऊन कागदावर तशी नोंद करा. घेर आणि व्यास एकाच रकान्यात मिसळू देऊ नका. व्यास म्हणजे घेर भागिले 3.14. किती घेरापासूनची झाडं मोजायची हे मार्गदर्शक ठरवतील, पण पहिल्या दिवशी ठरलेलं मध्येच बदलू नका.

आता जीपीएस. आंबोली बरोबर 74 अंश रेखांशाच्या कडेवर आहे, त्यामुळे काही प्लॉट 73.99 वर येतात आणि काही 74.00 वर. अंश-मिनिटं-सेकंद आणि दशांश अंश मिसळले की नकाशावर काही प्लॉट मधल्यामध्ये पळतात आणि मग रात्रभर शोधा. सुरुवातीलाच दशांश अंश आणि डब्ल्यूजीएस 84 (जीपीएसची नेहमीची निर्देशांक पद्धत) असं ठरवून टाका. दाट झाडीत यंत्र चालू करून लगेच आकडा लिहू नका, तीन-चार मिनिटं थांबा आणि अचूकतेचा आकडा त्याच ओळीत लिहा. मोबाईल एअरप्लेन मोडवर ठेवला तरी जीपीएस चालतं आणि बॅटरी टिकते.

लिहायला पेन्सिल. जेल पेनचं पावसात काय होतं ते सांगायला नको. रोज संध्याकाळी पानांचे फोटो काढून चौघांच्या फोनवर ठेवा.

गोळीऔषध
माकडतापाचं. सिंधुदुर्गात 2016 पासून रुग्ण सापडतायत, मुख्यतः दोडामार्ग तालुक्यात आणि शेजारी. हंगाम हिवाळ्यापासून मेपर्यंत, म्हणजे तुमचा पहिला महिना त्यात येतो. हा आजार गोचिडातून होतो, माणसाकडून माणसाला लागत नाही. तेव्हा गोचीड अंगावर चढू न देणं हाच उपाय. पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, कपडे फिक्या रंगाचे म्हणजे चढणारं दिसतं. पालापाचोळ्यावर बसायचं नाही, बसायला प्लास्टिकचा तुकडा न्या. अंगाला लावायचं गोचीडरोधक तेल प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. खोलीवर आल्यावर कपडे गरम पाण्यात आणि अंघोळ लगेच. काखा, जांघा, गुडघ्यामागे, केसांच्या कडेला बघा. बारीक गोचीड मोहरीच्या दाण्याहून लहान असतं, हात फिरवून कळत नाही. चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढायचं. रॉकेल, काडी, मीठ काही नको.

चावल्यावर साधारण 3 ते 8 दिवसांत अचानक जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी आली तर डॉक्टरला 'जंगलात काम करतो' हे पहिल्या वाक्यात सांगा. तोवर फक्त पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन नाही, कारण या आजारात रक्तस्रावाचा धोका असतो. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता वनखात्याला कळवा.

साप: आवळपट्टी नाही, कापणं नाही. अंगठी-घड्याळ काढा, अवयव हलू देऊ नका, 108 ला फोन करा. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर आहे. चापडा या विषारी सापावर ती चालत नाही, तिथे लक्षणांवरच उपचार. लांबून फोटो मिळाला तर उत्तम, साप पिशवीत घालून आणू नका.

घाटवाट
ट्रेकबद्दल. मनोहरगड मेमध्ये होतो, पण पहाटे साडेपाचला पायथ्याच्या शिवापुरातून चालायला लागलात तर. नऊ-साडेनऊला वर आणि बाराच्या आत खाली झाडीत. शेजारचा मनसंतोष सोडून द्या, त्याची वाट तुटलेली आहे आणि दोराशिवाय ती कामाची नाही. रांगणा कोकणातून नारूरवरून चढायचा तर चढ मोठा आहे. मेमध्ये मी 'नको' म्हणेन.

सह्यमित्र
नारूरवाट सरसकट नको म्हणायचं कारण नाही. वर तलाव आहे, वाटेचा बराच भाग झाडीतून जातो. माणशी चार लिटर पाणी आणि गावातला माणूस सोबत असेल तर होतो.

घाटवाट
चार लिटर पाठीवर म्हणजे चार किलो, आणि चढाच्या खालच्या निम्म्या भागात वारा नसतो, दमटपणाने घाम वाळत नाही. नव्या मुलांना उष्माघात तिथेच होतो, वर पोचल्यावर नाही. रांगणा ऑक्टोबरनंतर करा. सध्याचे रविवार महादेवगड, कावळेसाद, हिरण्यकेशी असे चालत करा, पाय तयार होतील.

कातळफूल
मनोहरगड धरते, रांगणा पुढे. ओआरएसचं एक पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत चालेल का? आणि दुपारच्या गडगडाटाचं काय करायचं?

गोळीऔषध
नाही. एक पाकीट एक लिटरलाच. अर्ध्या लिटरमध्ये क्षार दुप्पट होतात आणि त्रास वाढतो. घरचं कोकम सरबत मीठ घालून नेलंत तरी चांगलं, फक्त ते पाण्याच्या हिशोबात धरू नका.

सावंतवाडीकर
समुद्राकडची ओली हवा घाटाला आपटून वर चढते, म्हणून मेच्या उत्तरार्धात दुपारनंतर ढग उभे राहतात. आयआयटीएम या हवामान संस्थेचं, विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप फोनवर घ्या. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतची सेकंदं मोजा आणि तिनाने भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आला तर सड्यावरून (उघड्या कातळाच्या माळावरून) उतरायचं, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत चढायचं नाही. एकटं झाड टाळा. सड्यार वीज चमाकली काय छत्री पयली बंद!

डबकं
बेडकांचं राहिलंच. आंबोली टोडचं वर्णन 2009 मध्ये इथल्याच सड्यांवरून झालं, प्रजाती अतिसंकटग्रस्त आहे. पहिल्या सरींनंतर ती सड्यावरच्या काही सेंटिमीटर खोल डबक्यांत अंडी घालते. तुमचा बूट त्यात पडला की संपलं. म्हणून रात्री कोरड्या कातळावरूनच पाय टाका आणि टॉर्च आधी पायाखाली, मग पुढे. हाताला डास-गोचिडाचं मलम लागलेलं असेल तर परवानगी असली तरी बेडूक धरू नका, त्यांची कातडी ते शोषते. एका ओढ्यावरून दुसऱ्याकडे जाताना बुटांचा चिखल धुवा आणि पूर्ण वाळवा, बेडकांचा बुरशीजन्य आजार असाच पसरतो. बूट वाळत नसतील तर प्रत्येक जागेसाठी वेगळी रबरी चप्पल जोडी ठेवा.

आवाज नोंदवताना फोन स्थिर ठेवून किमान दोन मिनिटं, सुरुवातीला वेळ, जागा आणि तापमान तोंडाने बोला. करवंदाच्या जाळ्यांजवळून पहाटे आणि संध्याकाळी जाताना बोलत चाला, मेमध्ये अस्वलं तिथेच खात असतात. गवा रस्त्यात उभा असेल तर टॉर्च तोंडावर मारू नका, थांबा, तो निघून जातो.