हायड्रोजन आयात करायचा की त्यापासून बनलेला माल?

मूळ धागा
युरोपीय संघाने २०२२ मध्ये ठरवलं की २०३० पर्यंत वर्षाला १ कोटी टन हरित हायड्रोजन (ऊन-वाऱ्यासारख्या स्वच्छ विजेने पाण्यातून काढलेला) बाहेरून आणायचा. २०२४ मध्ये त्यांच्याच लेखापरीक्षकांनी हे उद्दिष्ट वास्तवाला धरून नसल्याचं सांगितलं. मला त्यात काहीच नवल वाटलं नाही. हायड्रोजन द्रवरूप करायला तो उणे २५३ अंशांपर्यंत थंड करावा लागतो. त्याच्यात जेवढी ऊर्जा असते, तिच्या जवळपास एक तृतीयांश ऊर्जा या कामातच जाते. 'सुइसो फ्रंटियर' हे जहाज २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाहून जपानमधल्या कोबेला द्रव हायड्रोजन घेऊन आलं. त्याची टाकी १२५० घनमीटरची, म्हणजे काठोकाठ भरली तरी ९० टनसुद्धा माल नाही! माझं म्हणणं, हायड्रोजनची ने-आण करूच नका. जिथे ऊन-वारा स्वस्त आहे तिथेच त्यापासून अमोनिया किंवा त्याच्या मदतीने स्पंज आयर्न (खनिजातून न वितळवता काढलेलं लोखंड) करा आणि ते जहाजात भरा.

प्रतिसाद १
असहमत. १९५९ मध्ये 'मिथेन पायोनियर' लुइझियानाहून ब्रिटनला द्रव नैसर्गिक वायू घेऊन निघालं, तेव्हाही लोक असंच म्हणत असतील. आज त्याच व्यापारावर अख्खे देश चालतात. पहिल्या जहाजावरून निकाल देऊ नका.

धागालेखक
तुलनाच चुकते आहे. नैसर्गिक वायू जमिनीतून आयता मिळतो आणि उणे १६२ अंशांना द्रव होतो. हायड्रोजन आधी वीज खर्चून बनवावा लागतो. शिवाय तेवढ्याच आकारमानात द्रव हायड्रोजनची ऊर्जा द्रव नैसर्गिक वायूच्या निम्म्याहूनही कमी, म्हणजे जहाजं दुपटीहून जास्त लागणार. जहाज मोठं केलं म्हणून हे गणित बदलत नाही.

प्रतिसाद २
अमोनियाबद्दल सहमत, पण अर्धवट. जर्मनीच्या एच२ग्लोबल या हरित हायड्रोजन-आयातीच्या योजनेतल्या पहिल्या लिलावात (२०२४) इजिप्तहून येणाऱ्या हरित अमोनियाचा पोहोच भाव टनाला १००० युरो ठरला. अमोनियात वजनाने साधारण १७.६ टक्के हायड्रोजन, म्हणजे त्यातला हायड्रोजन किलोला साडेपाच युरोंहून जास्त. तो फोडून पुन्हा हायड्रोजन काढायचा तर खर्च आणखी वाढतो. खतासाठी थेट वापरला तरच अर्थ आहे.

प्रतिसाद ३
तुम्ही दोघंही नळवाहिनी विसरलात. अल्जीरिया-ट्युनिशियाहून इटलीमार्गे जर्मनीपर्यंत हायड्रोजन नेण्याचा प्रस्ताव आहे. त्यात ना थंड करणं, ना फोडणं.

प्रतिसाद २
प्रस्ताव नॉर्वे-जर्मनीचाही होता. २०२४ मध्ये इक्विनॉर या नॉर्वेच्या ऊर्जा कंपनीने तो सोडला, कारण पुरेसे ग्राहक बांधले गेले नाहीत. खरी अडचण तिथे आहे. वीस वर्षांच्या करारावर सही कोण करणार?

प्रतिसाद १
आणि स्पंज आयर्न आणायचं म्हणजे झोतभट्ट्यांवर (कोळशाने खनिजातून लोखंड काढणाऱ्या भट्ट्यांवर) जगणारी गावं बंद करायची? आयातीच्या आकडेमोडीत ही माणसं कुठेच दिसत नाहीत, याचा मला मनापासून राग येतो.

धागालेखक
राग रास्त आहे. पण युरोपच्या झोतभट्ट्यांना लागणारं बरंचसं लोहखनिज आजही बाहेरूनच येतं. त्याऐवजी स्पंज आयर्न उतरेल. वितळवणं, मिश्रधातू करणं, पत्रे लाटणं ही कामं युरोपातच राहतील. भट्टीवरचे काही रोजगार जातील, हे मान्य.

प्रतिसाद १
काही? आणि उद्या त्या खनिजवाल्या देशाने पोलादही स्वतःच करायचं ठरवलं, तर?