'गो ऑल द वे': डिंकानं चिकटवलेली दोन गाणी?

बारा तारा

काल सत्तरीतल्या पॉपच्या धाग्यावर चिंचपेटी यांनी जाता जाता पिंक टाकली: "रास्पबेरीज बँडचं 'गो ऑल द वे' म्हणजे दोन अर्धवट गाणी डिंकानं चिकटवलेली. अंतराळवाल्या सिनेमात वाजलं नसतं तर आज कुणी कुत्र्यानंही विचारलं नसतं." तिथे उत्तर लिहायला बसलो, ते मारुतीच्या शेपटासारखं वाढलं. म्हणून वेगळा धागा.

सिनेमाचं आधी मिटवू. 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी' आला २०१४ मध्ये. गाणं आलं जुलै १९७२ मध्ये, त्याच वर्षी अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ५ व्या क्रमांकाला पोचलं आणि गोल्डही झालं. त्याच बँडचं आधीचं सिंगल ८६ च्या पुढे सरकलं नव्हतं. आणि मूळ चौघे क्लीव्हलँडमध्ये पुन्हा एका मंचावर आले ते २००४ मध्ये, म्हणजे सिनेमाच्या दहा वर्षं आधी. ते ऐकायला गेलेल्यांना तिकिटं काय भविष्य बघून मिळाली होती?

आता डिंक. गाणी दोन आहेत, कबूल. सुरुवातीचा रिफ (गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) 'द हू' बँडच्या वळणाचा, गिटार अंगावर येते आणि ड्रम कोसळतात. बँडचा गायक-रचनाकार एरिक कारमेन कडवं धरतो तेव्हा आपण एकदम बीच बॉइजच्या घरात. मऊ आवाज, मागे पदर सोडत जाणारी हार्मनी. षड्जसुद्धा बदललेला. पुढे 'कम ऑन'ची सवाल-जवाबी, ती थेट बीटल्सच्या 'प्लीज प्लीज मी'कडून उसनी. हे सगळं साडेतीन मिनिटांच्या आत.

मग सांधा टोचत का नाही? एक कारण शब्दांत आहे. 'लेट्स स्पेंड द नाइट टुगेदर' (रात्र सोबत घालवू) म्हणताना रोलिंग स्टोन्सची जी पंचाईत झाली, टीव्हीवर शब्द बदलावे लागले, ती टाळायला कारमेननं 'गो ऑल द वे', म्हणजे 'शेवटपर्यंत जाऊ', ही मागणी मुलीच्या तोंडी घातली. बोलणारी ती, सांगणारा तो. बीच बॉइजच्या 'डोन्ट वरी बेबी'मध्येही ती काय म्हणाली हे तोच सांगतो. ती युक्ती तिथून घेतल्याचं कारमेननं लपवलेलं नाही. म्हणजे कडवं ही कानात झालेली कुजबुज आणि रिफ म्हणजे ते ऐकून पोराच्या छातीत वाजलेला ढोल. तो ढोल कुजबुजीच्या आधीच वाजतो, गंमत तिथेच आहे.

दुसरं कारण म्हणजे तुमचा तो डिंक. न्यूयॉर्कच्या रेकॉर्ड प्लँटमध्ये जिमी आयनर निर्माता, शेली याकस ध्वनिमुद्रक. अख्खं मिश्रण लिमिटरखाली (आवाज ठरल्या पातळीच्या वर जाऊ न देणारं यंत्र) दाबलंय. रिफ दाबला गेला, कडवं वर आलं. पातळी जवळजवळ सारखी, पोत मात्र दोन. हे ज्याला जमलं त्याला चिकटवणारा म्हणत नाहीत, गवंडी म्हणतात.

चिंचपेटी

प्रतिसाद आवडला, पटला नाही.

१) १९७२ मध्ये गोल्ड झालेली कितीतरी गाणी आज अडगळीत आहेत. तेव्हा खपलं म्हणून आजही प्रेम आहे, हा कुठला न्याय?

२) 'द हू', बीच बॉइज, बीटल्स, स्टोन्स. तुमच्याच प्रतिसादात चार उसनवाऱ्या निघाल्या. स्वतःचं काय, नाव?

३) सांधा लिमिटरनं लपवला असेल तर टाळ्या ध्वनिमुद्रकाला द्या. कारमेनच्या नावानं धूप कशाला?

आणि षड्ज बदलला म्हणून गाणं गुंतागुंतीचं होत असेल तर आमच्या गल्लीतला बँडवाला वरातीत दर चौकात गुंतागुंत करतो.

पट्टी काळी दोन

वरातीतला बँडवाला थांबून, दम घेऊन पट्टी बदलतो. इथे थांबायला जागा नाही, फरक तो आहे.

हे गाणं बसवताना गट जवळजवळ नेहमी त्याच तीन ठिकाणी पडतो. पहिली जागा रिफनंतरची पहिली ओळ. कान रिफच्या षड्जाला चिकटलेला असतो, गायक त्यावरूनच अंदाज घेतो आणि घसरतो. इलाज साधा आहे. रिफचा शेवटचा कॉर्ड आणि कडव्याचा पहिला शब्द एवढाच तुकडा वेगळा काढून वीस-पंचवीस वेळा म्हणायचा. अख्खं गाणं पुन्हा पुन्हा म्हणून हा सांधा बसत नाही, कारण प्रत्येक फेरीत तो फक्त एक-दोनदा येतो.

दुसरी जागा लय. रिफमध्ये ड्रमर धावतो, कडव्यात सगळे रेंगाळतात. तालमीत मेट्रोनोम कडव्यावर लावा आणि रिफ त्याच्यावर बसवा. उलटं केलंत तर कडवं पळायला लागतं आणि कुजबुजीची चुगली होते.

तिसरी हार्मनी. तिघांनी शब्दाच्या शेवटचा 'स' किंवा 'ट' म्हटला की तीन वेगळे फुसकारे ऐकू येतात. शेवटचं व्यंजन फक्त मुख्य गायकानं म्हणायचं, बाकीच्यांनी स्वरावर सोडून द्यायचं. एकाच मायक्रोफोनवर गात असाल तर ज्याचा आवाज टोकदार त्यानं वीतभर मागे उभं राहायचं. मिक्सरवर आवाजाचे फेडर ढकलत बसण्यापेक्षा हे लवकर होतं.

जोडाजोड सोपी असती तर एवढे लोक नेमके जोडावर पडले नसते.

शून्य डेसिबल

लिमिटर म्हणजे "दाबलं की झालं" असं चिंचपेटींना वाटत असेल तर एकदा करून बघा. अख्खं मिश्रण एका बसवर (एका सामायिक वाटेवर) घ्या, दाबण्याचं गुणोत्तर १० ला १ किंवा वर, अटॅक (पकडायला लागणारा वेळ) १ मिलिसेकंदाच्या आसपास, आणि रिफच्या वेळी सुई १० डीबी मागे जाईल इतका थ्रेशोल्ड (दाबणं सुरू होण्याची पातळी) खाली.

सगळी मेख रिलीजमध्ये, म्हणजे पकड सुटायला लागणाऱ्या वेळात. तो लांब ठेवलात, समजा पाऊण सेकंद, तर रिफ संपल्यावरही लिमिटर मान दाबून बसलेला राहतो आणि कडव्याचे पहिले एक-दोन शब्द गिळतो. घाबरून फार आखूड केलात, १० मिलिसेकंद, तर बास खरखरतो. ६० हर्ट्झच्या एका आवर्तनाला साडेसोळा मिलिसेकंद लागतात, लिमिटर त्याच्या आतच सुटायला लागतो आणि लाटेचा आकारच बिघडवतो. ६० ते १०० मिलिसेकंदांच्या दरम्यान कुठेतरी हवी ती धाप लागते, झांज आत ओढल्यासारखी होऊन पुन्हा वर येते. ती धाप गाण्याच्या लयीत बसली तर मजा, नाही तर दम्याचा पेशंट.

आणि मुद्दा ३ बद्दल: कडव्यात आत जागा सोडलेली असेल तरच लिमिटर ती वर आणू शकतो. कडव्यातही सगळे एकदम वाजत असते तर वर यायला काही नव्हतंच. ती जागा सोडली रचनाकारानं.

खरखरीत सुई

तुम्ही सगळे चुकीची वस्तू ऐकून भांडताय. हे गाणं ४५ च्या (मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या) सात इंची तबकडीवर ऐकायचं, बस. ४५ चा वेग ३३ पेक्षा जास्त, म्हणून खाच जास्त पळते, म्हणून झांजा स्वच्छ. एलपी (ती ३३ ची मोठी तबकडी) आणि सीडी ही गरिबाघरची सोय. ऑनलाइनचं तर नावच काढू नका, त्यात जीव नाही.

शून्य डेसिबल

झालं, आले ४५ वाले.

सुईसाहेब, फेऱ्यांचा वेग आणि खाचेचा वेग एक नसतो, त्रिज्याही धरावी लागते. १२ इंची एलपीची पहिली खाच मध्यापासून सुमारे १४.६ सेंमीवर. परीघ काढा, मिनिटाच्या ३३⅓ फेऱ्यांनी गुणा: सेकंदाला ५१ सेंमी. सात इंचीची पहिली खाच सुमारे ८.४ सेंमीवर, ४५ नं गुणा: ४० सेंमी. म्हणजे सुरुवातीलाच एलपी पुढे.

आणि 'गो ऑल द वे' एलपीवर कुठे आहे? पहिल्या बाजूचं पहिलं गाणं, अगदी काठावर. साडेतीन मिनिटांत एलपीवर सुई जेमतेम सेंटिमीटरभर आत जाते, वेग ४७ च्या आसपास राहतो. तेवढ्याच वेळात ४५ वर दीडशेच्या वर फेऱ्या होतात, सुई दोन सेंमी आत, वेग ३० वर. १० किलोहर्ट्झची एक लाट एलपीवर शेवटीही ४७ मायक्रॉन लांब, तुमच्या ४५ वर ३०. झांजा कुठे चिरडतात ते आता तुम्हीच सांगा.

खरखरीत सुई

गणितं शाळेत ठेवा. ४५ वर एका बाजूला एकच गाणं असतं, म्हणून कटिंग करणारा खाच रुंद आणि खोल घेऊ शकतो, पातळी वर नेऊ शकतो. एलपीच्या बाजूवर पाच-सहा गाणी कोंबायची असतात. पातळी जास्त म्हणजे तबकडीची खरखर त्याखाली दबते. आणि तेव्हाच्या रेडिओ प्रती बघा, एका बाजूला मोनो, दुसरीकडे स्टिरिओ. पोरांनी ऐकलं ते मोनो, एएम रेडिओवर, गाडीच्या स्पीकरमधून. गाणं त्याच्यासाठीच दाबलं होतं.

शून्य डेसिबल

पातळीचं बरोबर आहे. मोनोचंही बरोबर आहे, आणि ते तुम्ही आधी म्हणाला असतात तर माझा अर्धा तास वाचला असता. स्टिरिओचं मोनो करताना मधोमध असलेलं, म्हणजे गाणं आणि ड्रम, कडेच्या गिटारींपेक्षा सुमारे ३ डीबी वर येतं. शिवाय एएम केंद्राचा स्वतःचा कंप्रेसर (लिमिटरचा मवाळ भाऊ) असतोच, म्हणजे दाबलेलं पुन्हा दाबलं. जे आधीच घट्ट आहे त्याला दुसरा कंप्रेसर फारसं हलवत नाही, शेजारचं सैल गाणं मात्र विस्कटतं.

पण "वेग जास्त म्हणून झांजा स्वच्छ" हे तुमचं मूळ वाक्य, ते चूक ते चूकच. मोठा आवाज म्हणजे स्वच्छ आवाज नव्हे.

खरखरीत सुई

मोठ्या मनाचे आहात. कॅल्क्युलेटरला काजळाची तीट लावा.

अर्धा कप

मंडळी, धागा गाण्याचा होता ना? की टर्नटेबल दुरुस्तीचा?

अवांतर चाललंच आहे तर माझंही घ्या. कारमेनचं कौतुक करताना जपून. पुढे 'ऑल बाय मायसेल्फ'ला रशियन संगीतकार रॅखमॅनिनॉफचा दुसरा पियानो कॉन्चर्टो उचलला, त्याची दुसरी मूव्हमेंट (भाग). त्याच्याच पुढचं 'नेव्हर गॉना फॉल इन लव्ह अगेन' दुसऱ्या सिंफनीच्या तिसऱ्या मूव्हमेंटवरून. माणसाला वळणच ते होतं. चिंचपेटींचा मुद्दा २ कुणी खोडलेला नाही.

पट्टी काळी दोन

बंदिश जुनी, चीज जुनी, राग त्याहून जुना, आणि तरी आपण कुणाची बढत खरी ते ओळखतो की नाही? उसनं आणलेलं कुठे ठेवलं ते बघा. 'कम ऑन'ची ती सवाल-जवाबी 'प्लीज प्लीज मी'मध्ये मुलगा मुलीची मनधरणी करताना येते. इथे मनधरणी मुलगी करतेय आणि 'कम ऑन' पोरांचा घोळका ओरडतोय. म्हणजे हा नक्की कुणाला चढवतोय? तेच शब्द, पण पारडं फिरलं.

बारा तारा

वा. हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

अर्धा कप, त्याच माणसानं दोन वर्षांनी १९७४ मध्ये 'ओव्हरनाइट सेन्सेशन' केलं. त्यात मध्येच अख्खा बँड छोट्या रेडिओएवढा बारीक होतो, आणि गाणं संपलं असं वाटतानाच ड्रम दार फोडून परत येतात. तेही १८ व्या क्रमांकापर्यंत गेलं. रेडिओवर गाणं कसं ऐकू येतं हे रेडिओवरच्या गाण्यातच दाखवणारा माणूस लिमिटर ध्वनिमुद्रकावर सोपवून चहा प्यायला गेला असेल, हे काही मला पटत नाही.

चिंचपेटी

कालपासून चार वेळा ऐकलं. (एकदा ४५ चं ध्वनिमुद्रण, सुईसाहेब शांत व्हा.)

डिंक हा शब्द मागे घेतो. चुना म्हणू. पारडं फिरल्याचा मुद्दाही ठीक आहे, जरी त्या चार पोरांनी सारखे सूट शिवताना एवढा विचार केला असेल असं वाटत नाही. लिमिटर काढून ऐकायची सोय नसल्यानं गवंडीकामाचा मुद्दा सिद्ध झाला असं मी म्हणणार नाही. आणि सिनेमाचं माझं वाक्य तसंच ठेवतो, कारण आता ऐकायला येणारे तिथूनच येतात.

शून्य डेसिबल

येऊ देत. फक्त नव्या मास्टरचा (प्रती काढायच्या अंतिम ध्वनिमुद्रणाचा) आवाज मोठा म्हणून तोच चांगला असं कुणी म्हणू नये. ऑनलाइन ऐकताना बहुतेक ठिकाणी सगळं उणे १४ लफ्सच्या (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आसपास आणलं जातं. मूळ दाबलेल्यावर आणखी दाबलेलं मास्टर तिथे नुसतं खाली ओढलं जातं, हातात उरतात बोथट झांजा. तुलना करायची असेल तर आधी दोन्ही प्रती कानाला सारख्या पातळीवर आणा, मग बोला.

खरखरीत सुई

सारख्या पातळीवर ४५ च जिंकते.

शून्य डेसिबल

सारख्या पातळीवर आणल्यावर तुमचा पातळीचा मुद्दा कुठे उरला हो?

खरखरीत सुई

सुई कुठल्या टोकाची वापरता? शंकूसारखी की लंबगोल? लंबगोल असेल तर ४५ च्या शेवटच्या खाचांबद्दल मग बोलू.