मदत हवी आहे: नवीन टॉपिक आणि रिव्हिजन एकाच दिवसात कसं बसवता?

नमस्कार ताई-दादा लोकहो, मी इंदूरची, रामबागेत राहते, एमपीपीएससीची, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची, तयारी चालू आहे. घरी एकत्र कुटुंब, सारखी येजा, म्हणून भंवरकुआंला सेल्फ स्टडी लायब्ररीत जाते. प्रिलिम्सचं ठीक चाललंय, २५ मिनिटं वाचन आणि ५ मिनिटं ब्रेक ही पोमोडोरोची पद्धत ऑब्जेक्टिव्ह प्रश्नांना मस्त जमते, पण मेन्सचं उत्तर लिहायला घेतलं की जरा कुठे लय लागते तोवर टायमर वाजतो आणि सगळी लिंक तुटते, मग तिथे ५० मिनिटं सलग बसावं का?

आणि खरा प्रॉब्लेम रिव्हिजनचा. होळकरांचा इतिहास म्हणा, नर्मदेच्या उपनद्या म्हणा, वाचताना सगळं येतं आणि आठवड्याने पाटी कोरी. दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने असं अंतर वाढवत उजळणी करायची, पुस्तक मिटून आठवून लिहायचं, हे मला पटतं पण, खरंच पटतं, फक्त जुनं साचत जातं आणि नवीन टॉपिकला वेळच उरत नाही.

ज्यांनी ही परीक्षा दिलीये त्यांनी प्लीज सांगा, सकाळी आधी जुनं घेता का नवीन? आणि रविवार पूर्ण रिव्हिजनला ठेवला तर चालेल का?