विवाहबाह्य संबंध उघड झाले म्हणून नेत्याने पद सोडावं का?

सरळरेषा:
एखाद्या मंत्र्याचं लग्नाबाहेरचं प्रकरण बाहेर आलं की लगेच राजीनाम्याची मागणी सुरू होते. ही मागणी मला बहुतेक वेळा चुकीच्या कारणासाठी केलेली वाटते. ज्यांची कारकीर्द खरोखर संपली त्यांचा इतिहास नीट वाचला तर दिसतं की पद गेलं ते त्या संबंधाच्या आजूबाजूला केलेल्या गोष्टींमुळे.

ब्रिटनचे युद्धमंत्री जॉन प्रोफ्युमो घ्या. १९६१ मध्ये क्रिस्टीन कीलर या तरुणीशी त्यांचे थोडा काळ संबंध होते. त्याच सुमारास तिचं सोविएत दूतावासातल्या येवगेनी इवानोव या नौदल अधिकाऱ्याकडेही जाणं-येणं होतं. शीतयुद्ध ऐन भरात असताना ही गोष्ट गंभीर होतीच. पण मार्च १९६३ मध्ये प्रोफ्युमो हाउस ऑफ कॉमन्समध्ये उभे राहिले आणि या ओळखीत काहीही गैर नव्हतं असं निवेदन त्यांनी केलं. जूनमध्ये ते निवेदन खोटं होतं हे मान्य करून त्यांना जावं लागलं. सभागृहाशी खोटं बोललेला मंत्री तिथे टिकत नाही.

ब्रिटनचेच एक मंत्री ख्रिस ह्यून यांचं प्रकरण आणखी बोलकं आहे. २००३ मध्ये वेगमर्यादा मोडल्याचा दोष त्यांनी बायकोला स्वतःच्या नावावर घ्यायला लावला होता. २०१० मध्ये ते दुसऱ्या स्त्रीसाठी घर सोडून गेले, तरी मंत्रिपदाला धक्का लागला नाही. पुढे बायकोनेच ती जुनी गोष्ट वर्तमानपत्रांपर्यंत पोचवली. २०१२ मध्ये मंत्रिपद गेलं, २०१३ मध्ये खासदारकी, आणि नवरा-बायको दोघांनाही आठ-आठ महिन्यांची शिक्षा झाली.

म्हणून मतदारांनी एवढंच विचारावं: पदाचा, सरकारी पैशाचा, सभागृहात दिलेल्या शब्दाचा गैरवापर झाला का? झाला नसेल तर तो त्या दोन-तीन माणसांचा प्रश्न आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी भारतीय दंड संहितेतलं कलम ४९७ रद्द केलं. व्यभिचार घटस्फोटाचं कारण राहिला, गुन्हा राहिला नाही. कायदा घराबाहेर थांबत असेल तर आपणही थांबावं.

वसुधा:
ठाम असहमत. तुम्ही संबंध आणि लपवाछपवी असे दोन कप्पे केलेत. लपवल्याशिवाय असा संबंध चालतच नाही, आणि नेत्याच्या हाताशी लपवायला सरकारी यंत्रणा असते.

फ्रान्सचं उदाहरण नेहमी कौतुकाने दिलं जातं, तिथे म्हणे खासगी आयुष्यात कुणी डोकावत नाही. फ्रांस्वा मितराँ १९८१ ते १९९५ राष्ट्राध्यक्ष होते. त्यांना लग्नाबाहेर झालेली मुलगी, माझारीन, १९७४ मध्ये जन्मली आणि लोकांना कळली १९९४ मध्ये. ती आणि तिची आई सरकारी मालकीच्या घरात, सरकारी सुरक्षेत राहत होत्या. पण मला खटकतं ते वेगळंच. राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादात एक खास पथक होतं. १९८३ ते १९८६ या काळात त्याने पत्रकार, लेखक, वकील अशा कितीतरी लोकांचे फोन चोरून ऐकले. या मुलीचं गुपित फोडू पाहणारा एक लेखकही त्यांत होता. २००५ मध्ये न्यायालयाने त्या पथकातल्यांना दोषी ठरवलं, तोवर मितराँ यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्यांची कारकीर्द शाबूत राहिली, आणि किंमत मोजली ज्यांचा काही संबंध नव्हता अशा माणसांनी.

सरळरेषा:
वसुधाताई, फोन ऐकणं हाच गुन्हा, आणि त्यासाठी मितराँ यांना जावं लागायला हवं होतं. मी तेच म्हणतोय.

वसुधा:
तुमच्या नियमाने ते गेले असते केव्हा? गुपित उघडं पडल्यावर. म्हणजे 'तो खासगी प्रश्न आहे' म्हणून आपण विचारलंच नाही तर तुम्ही म्हणता तो गैरवापर कधी सापडणारच नाही. त्यापेक्षा नेत्याला आधीच माहीत असू द्या की असं वागलो तर पद जाईल.

जुना वाचक:
पार्नेल यांचं नाव अजून कसं आलं नाही? चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल म्हणजे आयर्लंडच्या होमरूल चळवळीचे सर्वांत मोठे नेते. टिळकांनी १९१६ मध्ये होमरूल लीग काढली, तो शब्द आपल्याकडे आयर्लंडवरूनच आला. १८८० च्या दशकात ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टन यांना होमरूलच्या बाजूला वळवण्यात पार्नेल यांचा वाटा फार मोठा होता.

कॅथरिन ओशे यांच्याशी त्यांचे संबंध १८८० पासूनचे. त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहत होत्या, पार्नेल यांच्यापासून त्यांना मुलीही झाल्या होत्या, आणि नवऱ्याला, कॅप्टन ओशे यांना, हे ठाऊक होतं असं बरेच इतिहासकार मानतात. बायकोच्या श्रीमंत मावशीचा वारसा मिळेल या आशेवर ते गप्प राहिले. मावशी १८८९ मध्ये वारली, पैसा हाती येईना, तेव्हा डिसेंबरात त्यांनी घटस्फोटाचा दावा लावला. पार्नेल यांनी बचाव केला नाही, कारण त्यांना कॅथरिनशी लग्नच करायचं होतं. नोव्हेंबर १८९० मध्ये निकाल लागला आणि काही आठवड्यांत सगळं कोसळलं. ग्लॅडस्टन यांच्या पक्षातल्या धर्मनिष्ठ मतदारांना असा सहकारी चालेना. ग्लॅडस्टन यांनी आयरिश पक्षाला कळवलं की पार्नेल नेते राहिले तर माझ्या नेतृत्वाला काही अर्थ उरणार नाही. कॅथलिक धर्मगुरू विरोधात गेले. डिसेंबरात पक्ष फुटला. पार्नेल यांनी जून १८९१ मध्ये कॅथरिनशी लग्न केलं, गावोगाव सभा घेत राहिले, आणि ऑक्टोबरात वयाच्या ४५ व्या वर्षी वारले. पक्षाचे तुकडे जोडायला १९०० साल उजाडलं.

वसुधाताई, इथे कुणाचे फोन ऐकले गेले नव्हते. एका माणसाने एका स्त्रीवर दहा वर्षं प्रेम केलं आणि तिच्याशी लग्न केलं. लोकांच्या सोवळेपणाने त्या देशाची दहा वर्षं वाया घालवली. नेता घालवताना त्याच्यासोबत काय जातंय याचा हिशोब कुणी मांडला का?

वसुधा:
गॉलवे विसरलात. १८८६ मध्ये तिथल्या पोटनिवडणुकीत पार्नेल यांनी उमेदवार म्हणून याच कॅप्टन ओशेंना उभं केलं. ओशे पक्षशिस्तीची शपथ घ्यायला तयार नव्हते, जवळचे सहकारी भडकले होते, तरी पार्नेल यांनी त्यांना पक्षावर लादलं. एका मतदारसंघाचा खासदार कुणाच्या सोयीने ठरला? जो नवरा उद्या बोलला तर आपण संपलो, त्याला नेता कसा नाही म्हणणार? दुसऱ्याच्या मुठीत असलेल्या माणसाच्या हाती मी सत्ता देणार नाही.

जुना वाचक:
गॉलवेची गोष्ट खरी आहे. पण तो माणूस मुठीत सापडला, कारण ही गोष्ट कळली तर आपण संपू हे त्याला माहीत होतं. तुमच्या नियमाने ती मूठ आणखी घट्ट होईल.

अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी वेगळा रस्ता धरला. अमेरिकेचे पहिले अर्थमंत्री. ज्या स्त्रीशी संबंध होते तिच्या नवऱ्याला ते गप्प राहण्यासाठी पैसे देत होते. त्या पैशांवरून सरकारी व्यवहारात अफरातफरीचा संशय आला, तेव्हा १७९७ मध्ये त्यांनी स्वतःच पुस्तिका छापून सगळं सांगितलं: संबंध होते, पैसे दिले, पण ते माझ्या खिशातले. अब्रू गेली, तरी वर्षभरातच त्यांना सैन्यात दुसऱ्या क्रमांकाचं पद मिळालं.

निशिगंध:
एवढी चर्चा झाली आणि सगळी पुरुषांच्या कारकिर्दीची. त्या बायकांचं काय झालं?

कीलरला एका वेगळ्या खटल्यात खोटी साक्ष दिल्याबद्दल १९६३ च्या डिसेंबरात नऊ महिन्यांची शिक्षा झाली, आणि २०१७ मध्ये ती वारली तेव्हाही बातम्यांत तिची ओळख तीच होती. सभागृहात खोटं बोललेले प्रोफ्युमो तुरुंगात गेले नाहीत. लंडनच्या गरीब भागातल्या एका संस्थेत त्यांनी पुढे अनेक वर्षं मनापासून काम केलं आणि १९७५ मध्ये त्यांना राणीकडून सन्मानही मिळाला. त्या कामाबद्दल मला आदर आहे. पण नव्याने उभं राहायची संधी एकालाच का?

आणि सरळरेषा, 'दोन-तीन माणसांचा प्रश्न' हे तुमचं वाक्य मला अजिबात मान्य नाही. मोनिका लुइन्स्की २२ वर्षांची होती, व्हाइट हाउसमध्ये शिकाऊ म्हणून काम करत होती, आणि समोर देशाचा अध्यक्ष. अशा ठिकाणी होकार किती मोकळा असतो? क्लिंटन यांनी पद पूर्ण उपभोगलं आणि तिला पुढची कित्येक वर्षं नोकरी मिळायचे वांधे झाले. माझ्या मते लग्न झालंय की नाही हा प्रश्नच दुय्यम आहे. हाताखालच्या माणसाशी संबंध ठेवले की पद जावं. फेब्रुवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाचे उपपंतप्रधान बार्नबी जॉइस यांचे आपल्याच एका माजी कर्मचारी स्त्रीशी असलेले संबंध बाहेर आले, तेव्हा पंतप्रधानांनी नियमच केला: मंत्री विवाहित असो वा अविवाहित, आपल्या कर्मचाऱ्यांशी लैंगिक संबंध ठेवायचे नाहीत. हा नियम मला पटतो.

सरळरेषा:
निशिगंध, हाताखालच्या माणसाशी संबंध हा पदाचाच गैरवापर, त्यामुळे तुमचा नियम मला पूर्ण मान्य. वसुधाताईंचा नाही, कारण त्यांच्या नियमात बरोबरीच्या दोन मोठ्या माणसांचा संबंधही बसतो.

कौस्तुभ के.:
नियम कुठलाही करा, प्रत्यक्षात ठरवतं ते संख्याबळ आणि वेळ. क्लिंटन यांच्यावर डिसेंबर १९९८ मध्ये महाभियोग मंजूर झाला तो शपथेवर खोटं बोलणं आणि न्यायात अडथळा आणणं या आरोपांवर. त्याच दिवसांत गॅलपच्या पाहणीत ७३ टक्के लोक त्यांच्या कामावर खूश होते. सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं लागतात. फेब्रुवारी १९९९ मध्ये त्यांच्या पक्षाचा एकही सदस्य फुटला नाही आणि ते सुटले. उलट सभापतिपदासाठी निवडलेले विरोधी पक्षाचे बॉब लिव्हिंग्स्टन महाभियोगाच्या मतदानादिवशीच मागे हटले, कारण त्यांचीच प्रकरणं बाहेर आली होती. १९८७ मध्ये गॅरी हार्ट राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीत आघाडीवर होते, तेही बातमी आल्यावर आठवडाभरात बाहेर पडले. पक्षाकडे दुसरे पर्याय होते.

वेळेचं म्हणाल तर ब्रिटनचे जॉन मेजर पाहा. १९८४ ते १९८८ त्यांचे पक्षातल्याच एका स्त्री खासदाराशी संबंध होते. ते कळले २००२ मध्ये, तिच्या रोजनिश्या छापल्यावर. मधल्या काळात मेजर पंतप्रधान झाले, त्यांच्या पक्षाने जुन्या मूल्यांकडे परत चला अशी मोहीम काढली आणि त्या मोहिमेच्या काळात त्यांचेच मंत्री अशा प्रकरणांत पडले.

आणि बातमी कोण फोडतं हेही बघा. १९७८ मध्ये आपल्याकडे संरक्षणमंत्री जगजीवन राम पंतप्रधानपदाचे दावेदार असताना त्यांच्या मुलाची खासगी छायाचित्रं 'सूर्या' मासिकात छापली गेली. संपादक होत्या मेनका गांधी, विरोधी गोटातल्या. बापाने काहीच केलं नव्हतं. पद सोडण्याचा नियम कडक केलात तर पहिला फायदा अशी छायाचित्रं जमवणाऱ्यांचा.

वसुधा:
फायदा उठवणारे असतात म्हणून आपण आपली मोजपट्टी सोडायची नाही, कौस्तुभ. जगजीवन राम यांच्यावर अन्याय झाला हे मान्य, मुलाचं वागणं बापाच्या माथी मारू नये. मी फक्त त्या-त्या माणसाबद्दल बोलतेय.

कौस्तुभ के.:
मग त्या माणसाबद्दल मतदार ठरवतील ना? मार्क सँफर्ड साउथ कॅरोलायनाचे गव्हर्नर होते. २००९ मध्ये भानगड उघड झाली, सभागृहाने निषेध केला, घर मोडलं. २०१३ मध्ये त्याच राज्यातल्या लोकांनी सगळं ठाऊक असताना त्यांना संसदेत पाठवलं. राजीनामा मागणारे आपण कोण?

वसुधा:
सँफर्ड यांचंच बोला. त्या जूनमध्ये ते बरेच दिवस बेपत्ता होते. कार्यालयातून सांगितलं गेलं की साहेब अ‍ॅपलाचियन डोंगरवाटेवर गिर्यारोहणाला गेलेत. ते होते अर्जेंटिनात, त्या स्त्रीकडे. त्या दिवसांत राज्यावर संकट आलं असतं तर आदेश द्यायचा अधिकार ज्याच्याकडे, तो कुठे आहे हे त्याच्या स्वतःच्या माणसांनाही माहीत नव्हतं. चार वर्षांनी मतदारांनी माफ केलं, तो त्यांचा हक्क. मी तिथली मतदार असते तर मत दिलं नसतं. आणि २००९ मध्ये त्यांनी गव्हर्नरपद सोडलं नाही, मुदत संपेपर्यंत खुर्चीत बसले, ते मला आजही चूक वाटतं.