अनुभव धागा: तुमच्या गावच्या उद्योग-व्यापार संघटनेमुळे काय बदललं?

माझ्या सासऱ्यांचं भोसरीत छोटं वर्कशॉप होतं. महिन्यातला एक शनिवार संघटनेच्या बैठकीत जायचा आणि त्यावरून घरात कुरकुर व्हायची. ते गेल्यावर कपाट आवरताना एक फाइल सापडली. सकाळच्या पाळीला वेळेवर बस नाही म्हणून लिहिलेली अकरा पत्रं तिच्यात होती. प्रत्येक पत्राला तक्ता जोडलेला: कोणत्या कारखान्यात कोणत्या पाळीला किती माणसं, ती कुठल्या भागातून येतात, किती जण सायकलवर, किती पायी. सगळं त्यांच्या हातचं, निळ्या शाईत. अकराव्या पत्रानंतर बस सुरू झाली. वर्कशॉप विकलं तरी त्या वेळेची बस आम्ही पुढे कितीतरी वर्षं पाहिली.

पुण्यात 1934 साली आ. रा. भट यांनी मराठा चेंबर ही उद्योग-व्यापाऱ्यांची संघटना उभी केली, हे इतिहासात वाचायला मिळतं. अशा फाइली मात्र रद्दीत जातात, म्हणून हा धागा. तुमच्या भागातल्या संघटनेनं काय मागितलं, कसं मागितलं, किती वर्षं लागली आणि शेवटी हाती काय आलं, ते लिहा. काहीच आलं नसेल तर तेही लिहा.

कोल्हापूर, फाउंड्री

आमची शिरोलीला फाउंड्री आहे, वडिलांनी सुरू केलेली. ओतकामात भंगारानंतर सगळ्यात मोठा खर्च विजेचा. कागलच्या पुढं दूधगंगा ओलांडली की कर्नाटक, त्यामुळं दर वाढले की "तिकडंच जाऊया" हा विषय निघतोच. दहा-बारा वर्षांपूर्वी इथल्या संघटनांनी तो मिळून, उघडपणे मांडला होता. वर्तमानपत्रांत मोठ्या बातम्या आल्या. पण मला सांगायचंय ते त्यानंतरचं, बातमीत न आलेलं.

1 एप्रिल 2020 पासून उच्चदाब ग्राहकांचं, म्हणजे मोठी वीजजोडणी असलेल्यांचं, बिल केव्हीएएचवर निघायला लागलं, म्हणजे नुसत्या कामी आलेल्या विजेऐवजी ओढलेल्या एकूण विजेवर. आधी पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेपैकी कामी येणारा हिस्सा) चांगला राखला की वेगळी सूट मिळायची, ती गेली. लॉकडाऊन उठून भट्ट्या पेटल्या आणि एका सभासदाला रात्रपाळी बंद असतानाही बिल जास्त आलं. कारण सापडायला तीन बैठका लागल्या. भट्टी बंद, पण पॉवर फॅक्टर सुधारणारी कपॅसिटर बँक रात्रभर चालूच. भरपाई गरजेपेक्षा जास्त होऊन पॉवर फॅक्टर लीडिंगला जात होता, आणि नव्या पद्धतीत लॅग, म्हणजे कमी पडलेली भरपाई, जितका नडतो तितकाच लीडही नडतो.

मग ठरलं की सगळ्यांची बारा महिन्यांची बिलं गोळा करायची. निम्म्यांनी द्यायला नकार दिला. बिलावरून उत्पादन कळतं आणि शेजारचा शेडवाला म्हणजे स्पर्धकच की! शेवटी नाव आणि ग्राहक क्रमांक झाकून झेरॉक्स काढायची असं ठरलं. मी आणि संघटनेच्या ऑफिसातला पोरगा, रात्री अकरापर्यंत बिलांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवत बसलो होतो. त्यातून जो तक्ता झाला तो आम्ही राज्य वीज नियामक आयोगाच्या सुनावणीत हरकतीला जोडला. बोलायला पाच-सात मिनिटं मिळाली. दर कमी झाला नाही, खोटं कशाला सांगू. पण सभासदांना आपापल्या बिलातली गळती त्या तक्त्यात पहिल्यांदा दिसली. बऱ्याच जणांनी गरजेप्रमाणे कपॅसिटर आपोआप चालू-बंद करणारी पॅनल बसवली. ज्यांनी बिलं द्यायला नकार दिला होता, तेच पुढच्या वर्षी स्वतःहून फाइल घेऊन आले.

सोलापूर, गणवेश शिलाई

सोलापूर म्हटलं की चादर आणि टॉवेल. शाळेचे गणवेशही इथं मोठ्या प्रमाणावर शिवले जातात, हे राज्यातही फार कुणाला माहीत नव्हतं. 2017 च्या सुमारास आमच्या रेडिमेड कापड उत्पादक संघानं गणवेशाचं प्रदर्शन भरवायला सुरुवात केली. माझ्याकडे तेव्हा सहा मशिनी होत्या. स्टॉलचं भाडं परवडणार नाही म्हणून आम्ही तिघींनी मिळून एक स्टॉल घेतला. केरळच्या एका व्यापाऱ्यानं आमचा पिनाफोर (शाळेचा बिनबाह्यांचा फ्रॉक) उलटा करून शिलाईची आतली बाजू पाहिली, बोटानं ओढून पाहिली आणि तिथंच ऑर्डर लिहिली. आता माझ्याकडे बावीस मशिनी आहेत. शिवणाऱ्या बहुतेक जणी पूर्वी विड्या वळायच्या.

प्रत्येक परगावचा व्यापारी मात्र हेच विचारायचा, विमान कधी? पुण्यात किंवा हैदराबादला उतरून पुढं रेल्वे नाहीतर गाडी. तेवढ्यासाठी येणं टाळणारे होते. विमानसेवेसाठी इथल्या व्यापाऱ्यांनी, वकिलांनी, डॉक्टरांनी एकत्र येऊन वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. उपोषणं झाली. शेवटी 2025 च्या जूनमध्ये गोव्याचं विमान सुरू झालं आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईचं. पहिलं विमान उतरलं तेव्हा आम्ही गच्चीवर उभ्या होतो.

सोलापूरचाच, ऊस उत्पादक

ताई, तुमचा आनंद खरा आहे, पण दुसरी बाजूही या धाग्यात असू द्या. विमानाच्या वाटेत येते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या वीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी 2023 च्या जूनमध्ये पाडली. माझे वडील त्या कारखान्याचे सभासद. चिमणी कोसळताना ते टीव्हीसमोर बसले होते, काही बोलले नाहीत, जेवलेही नाहीत. आमच्यासाठी तिथं उसाचं बिल होतं, तुमच्यासाठी बाजारपेठ. दोन्ही सोलापूरचीच. शहरातल्या संघटनांनी विमान मागितलं ते रास्तच. फक्त त्या वर्षांत एकदा तरी आमच्या गावात येऊन शेतकऱ्यांबरोबर बसायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

छत्रपती संभाजीनगर, वाळूज

2010 साली इथल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकदम दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या, हे सगळ्यांच्या लक्षात आहे. शहराचं नाव झालं, चांगलंच झालं. पण माझ्यासारख्या जॉबवर्कवाल्याला विचाराल तर मी मराठवाडा ऑटो क्लस्टर या सामाईक यंत्रांच्या केंद्राचं नाव घेईन. माझ्याकडे तीन सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशीन आहेत. मोठ्या कंपनीला पार्ट द्यायचा तर मोजमापाचा रिपोर्ट लागतो. तो काढायचं सीएमएम, म्हणजे पार्टचं अचूक माप घेणारं मशीन, माझ्या ऐपतीबाहेरचं. पूर्वी नमुना फडक्यात गुंडाळून पुण्याला पाठवायचो. जाऊन-येऊन चार दिवस, आणि रिपोर्ट नापास आला की परत तेच. आता सकाळी स्कूटरवर नेतो, संध्याकाळी कागद हातात. अशी मशीन एकट्यानं घेता येत नाहीत. दहा जणांनी मिळून सरकारच्या योजनेतून आणायची असतात, आणि त्यासाठी आपल्या खिशातला वाटाही घालावा लागतो. तो घातला त्या पिढीचे उपकार आहेत.

तासगाव, बेदाणा

थोडक्यात लिहितो. द्राक्ष डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या रॅकवर वाळवलं की बेदाणा. मग तो शेतमाल की प्रक्रिया केलेला माल? या एका प्रश्नावर शेतकरी, अडते आणि व्यापारी वर्षानुवर्षं जीएसटीच्या धास्तीत होते. काकांच्या अडत दुकानात शेतकरी येऊन विचारायचा, "मी जीएसटी नंबर काढायचा का?" आणि काकांकडं उत्तर नसायचं. इथल्या व्यापारी आणि बागायतदार संघटनांनी हा एकच मुद्दा धरून ठेवला. 2024 च्या डिसेंबरमध्ये जैसलमेरला जीएसटी परिषदेची 55 वी बैठक झाली, तिच्यात खुलासा झाला की शेतकऱ्यानं स्वतः विकलेल्या बेदाण्यावर जीएसटी नाही. काकांनी बातमीचं कात्रण गादीमागच्या भिंतीवर चिकटवलंय. आता कुणी विचारलं की ते नुसतं बोट दाखवतात.

कापड दुकानदाराची मुलगी

गावाचं नाव लिहीत नाही. 2013 चा एलबीटीविरोधी, म्हणजे स्थानिक संस्था कराविरोधी, बंद. जकात गेली याचा बाबांना आनंद होता, पण तिच्या जागी प्रत्येक खरेदीची नोंद, विवरणपत्रं आणि दुकानात शिरून तपासणीची भीती आली. लग्नसराईत दुकान बंद ठेवायचं म्हणजे वर्षाची कमाई सोडायची. बाबा शटरसमोर खुर्ची टाकून बसायचे. आमच्याकडचे हमालकाका रोज यायचे आणि काम नाही म्हणून परत जायचे. चौथ्या दिवशी बाबांनी त्यांना पैसे दिले. त्यांनी तसेच घेतले नाहीत, उसने म्हणून घेतले. 1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींच्या आतल्या उलाढालीवरचा एलबीटी गेला. संघटनेनं पेढे वाटले. बंदच्या काळात हमालांचं काय करायचं, हा विषय कुठल्याच बैठकीत आला नव्हता, हे बाबा पुढे प्रत्येक बैठकीत उठून सांगत राहिले.

एका तालुक्यातल्या एमआयडीसीतून

वरचं सगळं वाचून हुरूप आला. आमच्याकडे निवेदन द्यायचं, फोटो काढायचा, पुढचं निवेदन पुढच्या साहेबांना. आठ वर्षं झाली, आतला रस्ता तसाच आहे. गेल्या पावसाळ्यात माझा काचेचा माल भरलेला टेम्पो खड्ड्यात कलंडला. कोल्हापूरच्या दादांना विचारायचंय, सुरुवात कुठून करावी? आम्ही जेमतेम तीस सभासद.

कोल्हापूर, फाउंड्री

तीस भरपूर झाले. निवेदन थोडं थांबवा. एक जाड वही घ्या, गेटवरच्या वॉचमनकडं ठेवा. रस्त्यामुळं गाडी कलंडली, पाटा तुटला, माल फुटला, कामगार पडला, की तारीख, गाडी नंबर आणि नुकसानीचा आकडा लिहायचा. गॅरेजच्या पावतीची झेरॉक्स त्याच पानाला टाचायची. पहिलं पान तुमच्या काचेच्या टेम्पोचं. एक पावसाळा वही भरू द्या. मग बेरीज करून मला कळवा, पत्राचा मसुदा आपण दोघं मिळून करू.