पी०१७१ कोड आला आहे : पुढचा ऑक्सिजन सेन्सर बदलावा का? (२०१४ ची पेट्रोल हॅचबॅक)

कऱ्हाडची_स्वारी यांचा प्रश्न :

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१४ सालची १.२ लिटर, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक आहे. ती आजवर १ लाख १२ हजार किलोमीटर चालली असून तिला सीएनजी किट बसवलेले नाही. गेल्या महिनाभरापासून चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो, काही दिवसांनी आपोआप विझतो आणि पुन्हा लागतो. टाकी काठोकाठ भरून मोजलेले ॲव्हरेज साडेसोळावरून तेराच्या खाली आले आहे. गाडी ओढायला कमी पडते असे मात्र मुळीच नाही.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तेव्हा पी०१७१ हा एकच कोड निघाला. मेकॅनिकने तो पाहताक्षणी पुढचा ऑक्सिजन सेन्सर गेल्याचे सांगितले आणि मजुरीसह ६,२०० रुपयांचा अंदाज दिला. खर्च करायची तयारी आहे, पण सेन्सर बदलूनही दिवा पुन्हा लागला तर ते पैसे परत मिळणार नाहीत. सेन्सर खरोखर बिघडला आहे की नाही, हे घरच्या घरी तपासता येईल का? माझ्याकडे मोबाइलला जोडायचा ब्लूटूथचा ओबीडी ॲडॅप्टर (गाडीच्या संगणकातले कोड आणि आकडे वाचणारा) आणि साधा मल्टिमीटर आहे.

सह्यकडा :

लाखाच्या वर गाडी चालली आहे, तेव्हा सेन्सरचे वय झालेच असणार. माझ्या गाडीचा बदलल्यावर ॲव्हरेज पूर्ववत झाले. फार खोलात न शिरता बदलून टाका.

बावीसचा_पाना :

वरील सल्ल्याशी मी सहमत नाही. पी०१७१ हा कोड सेन्सरविषयी काहीच बोलत नाही. धुरात ऑक्सिजन जास्त दिसतो आहे आणि तो भरून काढण्यासाठी ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला, मर्यादेबाहेर पेट्रोल वाढवावे लागते आहे, एवढेच तो सांगतो. सेन्सरच्या स्वतःच्या दुखण्याचे कोड वेगळे आहेत : व्होल्टेज सतत कमी राहिले तर पी०१३१, प्रतिसाद मंदावला तर पी०१३३, हालचालच थांबली तर पी०१३४ आणि आतल्या हीटरच्या सर्किटमध्ये दोष असेल तर पी०१३५. यांपैकी एकही नसताना सेन्सर काढून फेकणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे होय. अर्थात खोटेच ‘लीन’ (हवा जास्त, पेट्रोल कमी) सांगणारा सेन्सरही हाच कोड आणू शकतो, त्यामुळे संन्याशाचीही झडती घ्यावी लागेल.

तुमच्या गाडीच्या काळातल्या बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांत झिर्कोनियाचा, चार तारांचा सेन्सर असतो. त्यातल्या दोन तारा हीटरच्या, एक सिग्नलची आणि एक त्याच्या अर्थिंगची. धुरातला आणि बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन यांच्या फरकावर तो स्वतःच व्होल्टेज तयार करतो. मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) असेल तर ०.८ ते ०.९ व्होल्ट, लीन असेल तर ०.१ ते ०.२ व्होल्ट, आणि मधला उंबरठा ०.४५ व्होल्टचा. सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याखेरीज तो विश्वासार्ह काम करत नाही, म्हणून तपासणी इंजिन पुरते गरम झाल्यावरच करावी.

ॲपमध्ये फक्त पुढच्या सेन्सरचा आलेख लावा आणि गाडी उभी असताना इंजिन २,५०० आरपीएमवर धरा. आलेख वरखाली झुलला पाहिजे, आणि दहा सेकंदांत त्याने सात-आठ वेळा तरी उंबरठा ओलांडला पाहिजे. एकाच वेळी पाच-सहा आकडे मागवले की स्वस्त ॲडॅप्टर दमतो आणि ठणठणीत सेन्सरचा आलेखही सुस्त दिसतो. या चुकीपायी कित्येक चांगले सेन्सर भंगारात गेलेले मी पाहिले आहेत. दुसरी परीक्षा उताराची आहे. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला की ईसीयू पेट्रोल बंद करतो आणि सायलेन्सरमधून निव्वळ हवा जाऊ लागते. त्या वेळी सेन्सरने जवळजवळ शून्यावर यायला हवे. आकडे शेजारी बसलेल्याने पाहावेत, चालवणाऱ्याने नव्हे.

मल्टिमीटरने हीटरच्या दोन तारांमधला रोध थंड सेन्सरवर मोजता येतो; गाडीनुसार तो साधारण पाच ते पंधरा ओहम असतो आणि तार तुटलेली असेल तर मीटर काहीच दाखवत नाही. सिग्नलच्या तारेवर मात्र ओहम मोजू नका, कारण मीटर आपला करंट आत सोडतो आणि सेन्सरला इजा होऊ शकते. कनेक्टरमध्ये स्प्रे किंवा ग्रीसही घालू नका. बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा तारांच्या आवरणातूनच पोहोचते.

एवढे झाले की मला तीन गोष्टी कळवा : आयडलिंगला आणि २,५०० आरपीएमला शॉर्ट टर्म व लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो वा घटवतो; शॉर्ट टर्म म्हणजे त्या क्षणाची, लाँग टर्म म्हणजे मुरलेली दुरुस्ती) किती आहेत, प्लगचा रंग कसा आहे, आणि सकाळी थंड इंजिन सुरू करताना काही वेगळा आवाज येतो का.

कऱ्हाडची_स्वारी :

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. रविवारी चिपळूणला जायचे होतेच, त्यामुळे उताराची परीक्षा कुंभार्ली घाटात झाली. पोफळीच्या बाजूला तिसऱ्या गिअरमध्ये उतरताना मुलगी मोबाइल धरून आकडे वाचत होती : ०.०४, ०.०२, पुन्हा ०.०२. पाय टेकवला की लगेच ०.७ च्या वर. घरी २,५०० आरपीएमवर दहा सेकंदांत नऊ वेळा उंबरठा ओलांडला गेला. आयडलिंगला लाँग टर्म ट्रिम अधिक १८ आणि शॉर्ट टर्म अधिक ४ ते ६ आहे. २,५०० वर लाँग टर्म अधिक १० वर येतो.

प्लग मात्र पाहून चकित झालो. चारही प्लग कोरड्या काजळीने काळे झाले आहेत. बोट फिरवले तर बोट काळे होते. आवाजाचे विचारलेत म्हणून आठवले, सकाळी पहिली पाच-सात मिनिटे शिवणयंत्र चालावे तशी बारीक टिकटिक येते आणि मग ती बंद होते. मी ती टॅपेटची समजत होतो.

बावीसचा_पाना :

सेन्सर वरच्या टोकाला जातो, खालच्या टोकाला जातो आणि वेळेत जातो. तो जिवंत आहे. आता विसंगती पाहा : सेन्सर मिश्रण लीन असल्याचे सांगतो आणि प्लग रिच असल्याचे सांगतात. दोघेही खरे बोलत असतील तर जास्तीचा ऑक्सिजन सिलिंडरमधून आलेला नाही. तो सिलिंडर आणि सेन्सर यांच्या मधेच कुठेतरी आत शिरतो आहे. म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (सिलिंडरांमधला धूर एकत्र करणाऱ्या पाइपचे) गॅस्केट फुंकलेले असणार किंवा मॅनिफोल्डला चीर गेलेली असणार.

फटीतून धूर बाहेर येईल, हवा आत कशी जाईल, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. धूर सलग वाहत नाही, ठोक्याठोक्याने येतो, आणि दोन ठोक्यांच्या मधे पाइपमधला दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो. त्या क्षणी फट हवा ओढते. धुराचा प्रवाह कमी असताना या चोरट्या हवेचे प्रमाण जास्त भरते, म्हणून तुमचा ट्रिम आयडलिंगला १८ आणि रेस केल्यावर १० आहे. टिकटिकही तिथलीच, लोखंड तापून फुगले की फट आवळते आणि आवाज थांबतो.

इनटेकमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गात) फटीतून हवा शिरत असली तरी आकडे असेच दिसू शकतात, हे मान्य. पण तेव्हा मिश्रण खरोखरच लीन झालेले असते, ईसीयू फक्त तूट भरून काढतो, आणि प्लग काळे पडत नाहीत. शिवाय तुमच्या गाडीत मॅप सेन्सर (इनटेकमधला दाब मोजणारा) असेल, तर अशी हवा बहुतांशी मोजली जाते आणि मिश्रणापेक्षा आयडलिंगच चढते.

पहाटे इंजिन पूर्ण थंड असताना मॅनिफोल्डच्या जोडावर साबणाचे पाणी फवारा, गाडी सुरू करा, आणि दुसऱ्या माणसाला सायलेन्सरच्या तोंडाशी ओल्या फडक्याची घडी दोन-तीन सेकंद धरायला सांगा. फट असेल तिथे बुडबुडे येतील. पंख्यापासून हात लांब ठेवा आणि तापायच्या आत काम आटपा. मधल्या काळात लांबचा प्रवास टाळावा. इतक्या रिच मिश्रणावर धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अकारण तापतो, आणि तो गेला तर सेन्सरचा खर्च किरकोळ वाटेल.

मांडवीतीर :

एक पुरवणी जोडतो. शुद्ध पेट्रोलला जळण्यासाठी एकास १४.७ हवा लागते, तर २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला साधारण १३.५ पुरते. म्हणून जुन्या पेट्रोलवर जुळवलेल्या गाडीचा लाँग टर्म ट्रिम आता अधिक चार ते आठ दिसला, तर तो दोष मानू नये. गळती बंद झाल्यावरही शून्याची वाट पाहत बसू नका.

सेन्सर खरोखर मेला की कसा दिसतो, हेही सांगतो. माझ्या गाडीच्या व्हॉल्व्ह कव्हरला एका गॅरेजमध्ये साधे सिलिकॉन सीलंट फासले होते. त्याची वाफ क्रँककेसच्या नळीतून इंजिनात गेली, आणि दोन महिन्यांत पी०१३३ आला. आलेख म्हैस पाण्यातून उठावी तसा हलत होता आणि काढल्यावर टोकावर पांढरट थर होता. तो धुऊन जात नाही; सेन्सर बदलावाच लागला.

कऱ्हाडची_स्वारी :

बुडबुडे मिळाले. चौथ्या सिलिंडरच्या पोर्टखाली, जोडाच्या कडेला बोटभर लांब काळा फराटाही आहे, जो वरच्या पत्र्याच्या ढालीमुळे दिसत नव्हता. दीड महिन्यापूर्वी एका कामासाठी मॅनिफोल्ड खोलला होता, तेव्हा जुनेच गॅस्केट परत बसवले असावे. दुसऱ्या गॅरेजमध्ये नवीन गॅस्केट टाकून घेतले. एक स्टड पिळलेला होता तोही बदलला. सगळे मिळून १,४५० रुपये लागले.

कोड पुसून ३०० किलोमीटर चालवली. आयडलिंगला लाँग टर्म ट्रिम अधिक ५ वर स्थिर आहे, टिकटिक नाही, दिवा नाही. काल टाकी भरली तेव्हा ॲव्हरेज १५.८ निघाले. पुढचा सेन्सर जुनाच आहे.

बावीसचा_पाना :

उत्तम. नवे गॅस्केट काही वेळा तापून थंड झाले की थोडे बसते. पुढच्या आठवड्यात इंजिन थंड असताना त्या नटांचा ताण टॉर्क पान्याने एकदा तपासून घ्या, विशेषतः त्या नव्या स्टडचा.